दर्शनी बाजू

मेलबर्नच्या टोकाला टार्निटमधल्या माझ्या नव्या घराला काही कॅरॅक्टर नाही, असं ऑफिसातला एकजण परवा म्हणाला. त्याला जुनी घरं आवडतात. ओळीने एकमेकांना चिकटून उभी असलेली, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्यांची व्हिक्टोरियन टेरेस घरं. तू अशा घरात राहून बघायला हवं होतंस, म्हणाला. मी म्हटलं, राहिलोय, दोन वर्षं. एवढंच बोलून मी चहाला उठलो, कारण पुढे तोंड उघडलं असतं तर ऑफिसात शोभलं नसतं.

ते घर मेलबर्नमध्येच, समुद्राकडच्या एका जुन्या वस्तीत होतं. एका साच्याची पाच घरं, मधल्या भिंती सामाईक, पुढून अरुंद आणि आत लांबच लांब. वर छताच्या कठड्यावर गिलाव्यात उठावाची अक्षरं होती, स्कॉटलंडमधल्या समुद्रकाठच्या कुठल्याशा खेड्याचं नाव. बांधणारा तिथला होता म्हणे. गावाची आठवण यायची म्हणून त्याने गावच घराच्या डोक्यावर लिहून ठेवलं. मी सांगलीहून आर्किटेक्चरचा डिप्लोमा करून आलेलो, त्यामुळे पहिल्या दिवशी बॅगा फुटपाथवर टाकून बघतच राहिलो. त्या माणसाबद्दल मला मायाच वाटली होती.

डिप्लोमा असा आणि शिकत होतो स्वयंपाक. कुकरीचा कोर्स केला की पी.आर., म्हणजे कायम राहायचा परवाना मिळतो, एवढ्या एका वाक्यावर त्या वर्षांत विमानं भरून पोरं येत होती. कॉलेजांना फी हवी होती, घरमालकांना भाडं हवं होतं. पोरं राहतात कशी, हे कुणालाच विचारायचं नव्हतं.

आमचा मालक आपल्याकडचाच. त्याला आम्ही अंकल म्हणायचो. अंकलने वरच्या मजल्यावरच्या पुढच्या मोठ्या खोलीत मधोमध प्लास्टरबोर्डाची भिंत घातली होती. छताच्या मध्यावर प्लास्टरचं एक देखणं फूल होतं, भोवती द्राक्षाची पानं. भिंत त्या फुलाच्या पोटातून गेली होती. अर्धं फूल माझ्याकडे, अर्धं पलीकडच्या जळगावच्या मित्राकडे. गॅलरीचं दार त्याच्या वाट्याला आलं, खिडकी माझ्या.

खिडकी उंच, वरखाली सरकणारी, आणि गॅलरीच्या बाजूने खिळे ठोकून बंद केलेली. आधीच्या भाडेकरूने तिच्यातून चादर वाळत टाकली, शेजाऱ्याने तक्रार केली, अंकलने खिळे मारले. मी तीनदा सांगितलं, आत हवा येत नाही, आग लागली तर निघू कुठून. त्याचं उत्तर ठरलेलं. "खिडकी खुलेगी तो तुम लोग फिर कपडे टांगोगे. बाहर से घर अच्छा दिखना चाहिए, बेटा." उन्हाळ्यात मी दार सताड उघडं टाकून जिन्याकडे डोकं करून झोपायचो.

दिवाळीत आम्ही आकाशकंदील केला. कॉलेजच्या किचनमधल्या कबाबाच्या काड्या, बेकिंग पेपर आणि त्याला हळदीचा नि बिटाचा रंग. मित्राची कॉट सरकवून गॅलरीत गेलो आणि जाळीला तारेने कंदील बांधला. भाऊबीजेनंतर काढणारच होतो. पाडव्याच्या दुपारी काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा माणूस दारात हजर.

माणूस भला होता, म्हणून तर जास्त चीड येते. जुन्या इमारतींचा वारसा जपायचं त्याचं काम. गॅलरीत खिडकीकडे पाठ करून तो जाळीवर वाकला आणि तारेखाली उडालेला नखाएवढा रंग मला दाखवला. "ओरिजिनल कास्ट आयर्न, मेट. दर्शनी बाजूला परमिटशिवाय काही लावता येत नाही." मी वर बोट केलं. त्या खेड्याच्या नावाला कुणी परमिट दिलं होतं, असं विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

जाताना तो माझ्या खोलीत डोकावला आणि छताचं अर्धं फूल पाहून त्याचा चेहरा उतरला. "दॅट्स अ क्राइम," तो म्हणाला. फुलाबद्दल. फुलाखाली माझी गादी होती, भाताचा कुकर होता, मी स्वतः उभा होतो. ही खिडकी उघडत नाही, मी म्हटलं.

"पल्ला उचलणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या असतील, जुन्या घरांत होतं," तो म्हणाला. "आतलं माझ्याकडे येत नाही. पण तू म्हणशील तर काउन्सिलच्या बिल्डिंगवाल्यांना कळवतो. ते आले तर मात्र ही भिंत नि इतकी माणसं बघून त्याच दिवशी घर रिकामं करायला लावतील. बोल."

"गप बस," मागून मित्र मराठीत पुटपुटला. "आठ जण आहोत आपण. परीक्षा तोंडावर आहे. जायचं कुठे?"

मला फक्त 'खिळे' म्हणायचं होतं. इंग्रजी येत होतं, घर कसं बांधतात हे त्याच्याइतकंच कळत होतं. मी म्हणालो, "नो वरीज. ऑल गुड." अंकलचा राग मला आहेच, त्या भल्या माणसाचाही आहे, पण त्या 'ऑल गुड'चा जितका आहे तितका कुणाचाच नाही.

कंदील त्याच संध्याकाळी उतरवला. काउन्सिलचं पत्र आल्यावर अंकल जन्मात पहिल्यांदा वेळेवर हलला. आठवड्याभरात रंगारी आला. जाळीला मंजूर झालेला गडद हिरवा रंग दिला, मग जाळीला शोभावी म्हणून खिडकीची चौकट क्रीम रंगाने रंगवायला घेतली. मी काचेच्या आत बसून बघत होतो. मला पाहून त्याने मान हलवली आणि खिळ्यांच्या डोक्यांवरून सावकाश दोन-दोन हात फिरवले. दुपारी मी रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं. घर सुंदर दिसत होतं आणि खिळे कुठेच दिसत नव्हते.