व्याह्याचा खेळ

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं काम पडलं ते किराण्याच्या यादीपुरतं. चुकलं असेल तर समजून घ्या... पण वाचणार तरी कोण आहे! मंडळवाले अप्पांवर एक पुस्तिका काढणार आहेत. त्यांना घरातल्यांच्या आठवणी हव्या होत्या. आमच्या ह्यांची आठवण एका गुरुजींनी लिहून दिली. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी आत निघून गेले असते. म्हणून मुलीच्या वहीतली मागची कोरी पानं घेऊन बसले आहे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन दीड महिना झाला. सकाळी मी त्यांच्या खाटेशेजारी बसून मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत होते. चहा ठेवला, हाक मारली, ओ आली नाही. झोपले असतील म्हणून मी हातातली साडी पुरी केली, दुसरीही केली. मग हात लावला तर हात गार. तासाभरात सुरतेतली आमची सगळी डिंडोली दारात जमली. बाया रडता रडता अप्पांचे विनोद सांगायच्या आणि हसायच्या, हसता हसता पुन्हा रडायच्या. असा दुखवटा मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिला नाही. "देवमाणूस होता हो, किती हसवलं आम्हाला," असं जो तो म्हणत होता. मी मान हलवत होते. हसवलं हे खरं आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा अप्पा आणि हे दिवसा बमरोलीला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला जायचे. संध्याकाळी घरात 'अप्पांचा हसरा परिवार' सुरू व्हायचा. त्या नावाची पाटी होती, आणि तिच्यावर खाली लिहिलं होतं, 'सहकुटुंब पाहण्यासारखा कार्यक्रम'. अप्पा नकला करायचे, हे पेटी वाजवायचे, माझी नणंद कुसुमताई गाणं म्हणायची. सासूबाई आधीच गेलेल्या. बाहेरचा माणूस घ्यायचा नाही असा अप्पांचा नियम, त्यामुळे मलाही उभं केलं. पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पहिल्याच दिवशी मी पडद्याआड जाऊन बसले तेव्हा अप्पा माइकवर म्हणाले, "आमच्या सूनबाई मुक्या आहेत, म्हणून तर घर टिकलं!" लोक इतके हसले की तेच माझं काम ठरलं. मुकी सून. हातात चहाचा ट्रे धरायचा आणि शेवटी तोंडात पदर घालून हसायचं. मी हसले की पडदा. भाजी घ्यायला गेले तरी मागून हाक यायची, "काय वं मुकी सून, मिरच्या कितीच्या घेतल्या?"

जे वर्ष सांगायचं आहे ते एका आखाजीला सुरू झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात. निघताना अप्पांनी मला सांगितलं, "नानांना विचार, माइक आणि भोंगे घ्यायचे आहेत. गणपती झाले की परत." नाना म्हणजे माझे वडील. अमळनेरच्या बाजूला एका खेड्यात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आई नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि ऑपरेशनसाठी त्यांनी चार हजार रुपये साठवले होते. ते त्यांनी रुमालात बांधून माझ्या हातात दिले. म्हणाले, "गणपतीपर्यंत काय, दिसतंय मला." माइक आला, भोंगे आले. अप्पांनी त्यांना हार घातला.

मग श्रावणातली एक दुपार. लाइट गेली म्हणून खातं बंद, सगळे घरी. कुसुमताई मला चिडवत होती, "वहिनी, तुझे वडील इतके गरीब स्वभावाचे, उधारी कशी वसूल करतात गं?" आणि काय झालं कोण जाणे, मी उठून उभी राहिले. पदर टोपीसारखा डोक्यावर बसवला, पाठ वाकवली, आणि नाना गिऱ्हाइकाच्या दारात जातात तशी गेले. आधी पावसाचं बोलले. मग गाईचं. मग अर्धं वळून निघाले, परत आले, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "घाई नई शे... सहज इचारं." म्हणजे घाई नाही, सहज विचारलं. मग अंगठा जिभेला लावून, नोटा नाकाशी धरून मोजल्या, तसं केलं. घर पडायची वेळ आली हसण्यानं. अप्पांच्या बशीतला चहा सांडला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, अप्पांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. "अगं, तू तर छुपी रुस्तम निघालीस! पुन्हा कर." मी पुन्हा केलं. तीनदा केलं. खोटं कशाला लिहू, सासरी आल्यापासून मी इतकी खूश कधीच नव्हते.

गणपतीत पाचव्या दिवशी आमच्याच चौकात कार्यक्रम होता. त्याच दिवशी नाना आले, न कळवता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. येऊन पाणी प्यायले, पावसाचं बोलले, आणि त्यांनी विचारायच्या आत अप्पा म्हणाले, "व्याही, आधी कार्यक्रम बघा, मग बोलू." त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं. माइकवरून सांगितलं, "आज आमचे व्याही आले आहेत, यांच्या कृपेने हा माइक बोलतो!" टाळ्या झाल्या. नानांनी उभं राहून चहूकडे हात जोडले. मग अप्पा स्टेजवरून खाली उतरले, त्यांच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "व्याही, जरा टोपी द्या, खेळात लागते." नानांनी लगेच दिली. आपली टोपी स्टेजवर जाणार म्हणून त्यांना केवढा आनंद झाला होता...

अप्पांनी ती टोपी घातली, पाठ वाकवली आणि पावसाचं बोलायला सुरुवात केली. मी ट्रे घेऊन उभी होते. मला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. गाईचं झालं. अर्धं वळून परत येणं झालं. "घाई नई शे... सहज इचारं." सगळा चौक आमच्या खानदेशाकडचा, प्रत्येकानं असा माणूस आपल्या घरी पाहिलेला. बसलेली माणसं हसून उभी राहिली. अप्पांनी त्यात भर घातली. डोळे मिचकावून नोटांऐवजी पेटीवर बसलेल्या ह्यांचा कानच मोजायला घेतला, खांबाला व्याही समजून नमस्कार केला. आणि नाना पुढच्या खुर्चीत उघड्या डोक्यानं बसून हसत होते. सगळ्यांबरोबर, मांडीवर हात मारून. शेवटी अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडात पदर घातला आणि हसले. भीतीनं हसले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण अप्पांनी ते फार छान केलं होतं. मला खरंच हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना पाण्याचा नळ यायच्या आधीच निघाले. मी ओट्यापर्यंत गेले. म्हणाले, "फार हसवतात तुझे सासरे." मग चपलेत पाय घालता घालता, खाली बघत, "तू शिकवलं का?" सुरतमध्ये कोणी त्यांना उधारी मागताना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांची पिशवी उचलून हातात दिली. त्यांनी पैशाचं विचारलं नाही, टोपीही मागितली नाही. उधना स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात ते तसेच उघड्या डोक्यानं बसले.

त्या वर्षी 'व्याह्याचा खेळ' नाव घेऊन लोक मागायला लागले. नवरात्रात भेस्तान, लग्नसराईत बमरोली, कुठे बारसं, कुठे साखरपुडा. मी प्रत्येक ठिकाणी ट्रे धरला. घरात तर वेगळीच पंचाईत झाली. हे दोनदा अप्पांना म्हणाले, "नानांचे पैसे द्यायचे आहेत." दोन्ही वेळा अप्पा टोपी घालून आले, "घाई नई शे..." आणि हेसुद्धा हसत सुटले. त्या घरात पैसे मागायची सोयच उरली नाही. कोणीही तोंड उघडलं की खेळ सुरू व्हायचा. पुढच्या आखाजीला मी माहेरी गेले नाही. पांडेसऱ्याला कार्यक्रम होता. तोपर्यंत नानांचा डावा डोळा गेला होता.

पुढे चौकात केबल आलं. मंडळवाले गणपतीत पडद्यावर सिनेमा लावायला लागले. आम्हाला कोणी बोलावेना. आणि एका सकाळी अप्पा खात्यात मशीनपाशीच पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चार वर्षं खाटेवर होते. सगळी बोली गेली, एक वाक्य तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, सवयीचं बोलणं उरतं. पाणी हवं असलं, लघवीला झालं, माशी बसली... अप्पा म्हणायचे, "घाई नई शे." पहिल्या पहिल्यांदा भेटायला येणारे हसायचे, त्यांना वाटायचं अप्पा नक्कल करतात. अप्पा डोळ्यांनी सांगायचे की नाही, नाही. लोक आणखी हसायचे. मीच त्यांचं सगळं केलं, गावात त्याबद्दल माझं नाव आहे. पण एक लिहायचं राहायला नको. एकदा उन्हाळ्यात त्यांचा घसा सुकला होता, मला कळत होतं. ते म्हणाले, "घाई नई शे." मी म्हटलं, "नाही ना घाई? मग थांबा." आणि धागे कापत बसले. सहा साड्या होईपर्यंत. ते माझ्याकडे बघत होते.

तेराव्याला पंगत उठल्यावर सगळे बसले होते. माइक, भोंगे, पेटी, पडदे, सगळं नवागामची एक पार्टी घेणार होती, आणि पैसे आणूनही दिले होते. हे आणि कुसुमताई त्या पैशांचं बोलत होते. आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी भिंतीला धरून उठले. सरळ विचारायचं असं रात्रीपासून घोकलं होतं. पण मी जमिनीकडे बघितलं आणि तोंडून निघालं, "घाई नई शे... नानांचे चार हजार, सहज इचारं."

सगळी खोली हसण्यानं फुटली. तेराव्याच्या घरात. कुसुमताई डोळे पुसत ओरडली, "अगं बाई, अप्पाच बोलले गं!" कोणीतरी टाळी दिली. सगळे माझ्याकडे बघत होते, आता मी तोंडात पदर घालीन, हसेन, म्हणजे खेळ संपेल. मी पदर घातला नाही. उभीच राहिले. एकेक जण हसायचा थांबला. शेवटी कुसुमताई एकटीच हसत होती, तीही थांबली. मी म्हटलं, "तो खेळ नव्हता. माझा बाप तसंच बोलतो." ह्यांनी खाली बघत नोटा मोजून माझ्यापुढे ठेवल्या.

खुंटीवरची नानांची टोपी काढून मी ती धुतली. आत कडेला अप्पांच्या तेलाचा डाग आहे, तो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीला बसले. नाना दुकानात होते, चाक हातानं चाचपून बघत. टोपी हातात दिली तर त्यांनी ती ओळखली, वास घेतला, घातली नाही, मांडीवर ठेवली. मग मी पैशांचा रुमाल सोडला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून होऊ शकेल असं मी डॉक्टरांना विचारून आले होते, तेही सांगितलं. नाना म्हणाले, "आधी वाटीत पाणी आण." मला कळेना. आणली. त्यांनी अंगठा पाण्यात बुडवला आणि मोजायला सुरुवात केली. शेजारचा दुकानदार मला हळूच म्हणाला, "सुरतेहून आले त्या वर्षापासून असंच करतात. जिभेला बोट लावत नाहीत. आणि उधारी मागायला जाणंही सोडलं."

मी समोर बसून बघत होते. नोट डोळ्याजवळ न्यायची नाही म्हणून ते बोटांनीच ओळखत होते. एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. घाई नव्हती. शेवटची नोट खाली ठेवून त्यांनी अंगठा धोतराला पुसला.

"पैसा पुरा शेतस," नाना म्हणाले.