अक्काच्या आवाजाची तबकडी

सोलापूरच्या डॉक्टरांनी अक्काला सरळच सांगितलं. गाठ स्वरयंत्राला धरून आहे, ते सगळं काढावं लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही. अक्का माझी थोरली बहीण. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. जे काय विचारायचं ते दाजींनी विचारलं, तिच्या नवऱ्यानं. जेवायला काय चालेल, किती दिवस राहावं लागेल, गळ्याला भोक राहतं म्हणजे नेमकं कुठं.

सास्तूरला परत जाताना अणदूरला जीप थांबवली. दाजी खंडोबाच्या पाया पडायला गेले. आम्ही दोघं हायवेच्या कडेच्या हॉटेलात बाकड्यावर बसलो. अक्काचा आवाज तेव्हाच बसलेला होता, बोलताना मधेच तुटायचा. बशीतला चहा पीत ती म्हणाली, "तुझ्या त्या मशीनवर माझा आवाज निघंल का रं?"

"निघंल की. पण फोनवर सोपं पडंल, अक्का."

"फोन नको. कोण कुठलं बटन दाबतंय न् पुसून टाकतंय. मला हातात धराय यील असं पायजे."

कळंबला माझं दुकान आहे. कर्णे, अँप्लिफायर, लग्नातले स्पीकर दुरुस्त करतो. जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करता करता मला तबकडी वाजवण्यापेक्षा कोरण्याचाच नाद लागला. जड थाळीचा एक प्लेअर घेतला, त्यावर आडवा आट्यांचा रॉड बसवला. थाळी फिरते तशी सुई रॉडवरून हळूहळू आत सरकते. माइकमधला आवाज सुईला थरथरवतो आणि ती थरथर तबकडीवर चर पाडत जाते. एवढंच ते यंत्र. तोवर मी त्यावर स्वतःचेच आकडे कोरले होते, "एक, दोन, तीन", आणि वाजवून बघितले होते. बायको म्हणायची, पोरखेळ. खरंच पोरखेळ होता. अक्कानं विचारलं त्या दिवसापासून राहिला नाही.

आमच्या घरात आवाजाची एक गोष्ट होती, ती आधी सांगायला हवी. भूकंपात जुनं सास्तूर पडलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. अक्का वयात आलेली. अण्णा, आमचे वडील, त्या रात्री रानात राखणीला होते म्हणून वाचले. आई गेली. झोपेतच गेली, तिला काही कळलंही नाही, असं अण्णांनी मला सांगितलं होतं. अक्का आणि मी ढिगाऱ्याखालून निघालो. त्यातलं मला आठवतं ते इतकंच: काळोख, दातात माती, आणि शेजारून सारखा बोलणारा अक्काचा आवाज. त्या आवाजावर मी जगलो, असं मी लोकांना सांगत आलो. आईचा एक फोटो आहे. तिचा आवाज कुठंच नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि मी सामानाच्या मागं लागलो. माझ्याकडं पोलादी सुया होत्या, मीच दगडावर घासून टोक काढलेल्या. पहिल्यांदा ॲक्रिलिकचा पत्रा आणून गोल कापला. ॲक्रिलिक ठिसूळ. सुई चर पाडायच्या ऐवजी त्याचे कपचे उडवत जायची आणि वाजवलं की फोडणी तडतडल्यासारखा आवाज यायचा. अर्धी तबकडी होईस्तोवर पोलादाचं टोक बोथट व्हायचं, पुढचा सगळा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. मग कुणीतरी सांगितलं, एक्स-रेच्या फिल्मवर कोरतात. फिल्म मऊ असते, पोलादालाही ऐकते. मी सास्तूरला गेलो आणि अक्काच्या पिशवीतून गळ्याच्या तपासणीची मोठी काळी फिल्म काढून उजेडात धरली.

दाजी दारातून आत आले. "ती कशाला घेतली?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली फिल्म काढून घेतली.

"हिच्या रोगाचा फोटो हाय हा. त्याच्यावरच हिचा आवाज कोरतूस? डोकं फिरलंय का तुझं? ती जित्ती हाय अजून, आन तुमी भाऊ-बहीण आवाज मागं ठिवायची तयारी करताव!"

"दाजी, तसं न्हाय..."

"तसंच हाय. हिनं आता गप बसायचं, डॉक्टर म्हणलाय गळ्याला ताण नको. तू तिला बोलायला लावतूस."

अक्का चुलीपाशी होती. ती उठून आली, फिल्म दाजींच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "दुसरं काय तरी बघ." दाजींनी अंगणातून मोटरसायकल काढली आणि रानात निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. ते म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं.

शेवटी दोनच वाटा उरल्या. एक, बाहेरच्या देशातून येणारी मऊ तबकडी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा, म्हणजे मऊ रोगणाचा थर, त्याला नीलमाची सुई, तीही विजेच्या बारीक तारेनं कोमट ठेवलेली. तिच्यावर आवाज इतका स्वच्छ उतरतो की माणसानं घेतलेला श्वास ऐकू यावा. पण ती जात्याच मऊ. जितक्या वेळा वाजवाल तितकी झिजते. दुसरी वाट पॉलिकार्बोनेटची. पारदर्शक, चिवट, पत्र्याच्या शेडवर उजेडासाठी घालतात त्याच जातीची. तिला हिऱ्याच्या टोकाचीच सुई लागते. ही तबकडी झिजता झिजत नाही, पण आवाजामागं कायम खरखर राहते, ज्वारी पाखडल्यासारखी. त्यात आमच्याकडचं ऊन. पहिला पत्रा गुंडाळून आला होता, तो दुकानात वाकडाच राहिला. दुसरा सपाट मागवला आणि घरात सगळ्यात गार असलेल्या कोपऱ्यात, फरशीवर दोन पाटांच्या मधे दाबून ठेवला. नीलमाची सुई आली, हिऱ्याचीही आली. मी हिऱ्याची भिंगाखाली धरून बघत बसायचो. टोक डोळ्याला दिसायचं नाही इतकं लहान. एकदा पडली की संपलं.

ऑपरेशनच्या आधी अक्का कळंबला आली. दाजींनीच आणून सोडलं, घरात पाऊल न टाकता माघारी गेले. मी तिला दोन्ही तबकड्या वाजवून दाखवल्या, माझ्याच आवाजातल्या. तिनं डोळे मिटून ऐकल्या.

"ही मऊ किती दिवस टिकंल?"

"थोड्या वेळा लावली तर टिकंल. पण दरवेळी थोडी जाईल."

"आन ही?"

"ही तू-मी गेल्यावर बी राहील. पण खरखर ऐकतीस ना?"

"खरखर असू दे," ती म्हणाली. "झिजणारं नको."

मला मऊ हवी होती. मी तसं म्हणालोही. तिचा आवाज असाच बसलेला, त्यात खरखर आली तर शब्द कळायचे नाहीत. ती म्हणाली, "कळंल. मी सावकाश बोलते."

दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतलं. फोन बंद केले, कारण त्यांची गुरगुर माइकमध्ये शिरते. तबकडी थाळीवर बसवली, हिऱ्याची सुई खाली सोडली. कापलेल्या प्लास्टिकचा केसासारखा धागा निघायला लागला. तो सुईला गुंडाळू नये म्हणून मी बारीक नळीनं ओढून घेत होतो. मान खाली, डोळे सुईवर. अक्काला हातानं खूण केली, बोल.

मला वाटलं होतं ती जात्यावरचं काही म्हणेल, नाहीतर तब्येतीचं बोलेल.

ती म्हणाली, "तू म्हणतूस, ढिगाऱ्यात मी बोलत होते. पयल्यांदा मी न्हवते बोलत. आई बोलत होती."

माझा हात नळीवरच थांबला. सुई पुढं चालली होती.

"आई झोपेत गेली न्हाय. तुझ्या पलीकडं होती. तिचा हात तुझ्यापतूर पोचत न्हवता म्हणून बोलत होती. म्हणायची, तोंड मिटून ठिव. नाकानं श्वास घे. आता उजाडंल, उजाडलं की अण्णा येतेत. रडू नको, रडलं की माती जाती. मग आई थांबली. म्या हाक मारली, ती बोलली न्हाय. तू रडाय लागलास. मग म्या तिच्यासारखं बोलाय लागले. तोंड मिटून ठिव. आता उजाडंल."

"अक्का," मी म्हणालो.

"थांब, बोलू दे. अण्णा म्हणले, लेकराला सांगू नको. नंतर तू मला विचारलास, अक्का, तूच होतीस ना? म्या व्हय म्हणले. एकदा व्हय म्हणल्यावर मागं कसं फिरायचं? अण्णा गेल्यावर बी जमलं न्हाय. पर आता माझं तोंडच बंद होणार. मग तुला कोण सांगंल?"

नंतर ती ते पुन्हा म्हणाली. सगळं, सावकाश, आईसारखं. तोंड मिटून ठिव. नाकानं श्वास घे. आता उजाडंल. बसलेला, फाटलेला आवाज, पण हेल वेगळा होता. जुन्या माणसांचा, शेवटचा शब्द लांबवून खाली सोडणारा. मी मान वर केली नाही. सुई आतल्या कडेला पोचली तेव्हा उचलली.

त्या दिवशी ती तबकडी आम्ही वाजवली नाही. अक्का बायकोबरोबर भाकरी थापायला गेली. मी दुकानातच बसून राहिलो. मला आईचा राग आला, अण्णांचा आला, अक्काचा आला, मग एकेकाचा गेला. राहिली ती एक अडचण, जी अजून सुटलेली नाही. माझ्या कानात जो आवाज इतकी वर्षं होता, तो कुणाचा? काही तरी आईचं होतं, काही अक्काचं, आणि मला ते वेगळं करता येत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिच्या गळ्यात नळी होती आणि श्वासाचा आवाज तिथून येत होता. तिनं माझ्याकडं बघून ओठ हलवले. सवयीनं. काहीच आलं नाही. मग तिनं स्वतःच मान फिरवली.

टाके निघाल्यावर, ती घरी रुळल्यावर मी एक प्लेअर आणि तबकडी घेऊन सास्तूरला गेलो. दाजी घरीच होते. मला वाटलं नको म्हणतील. ते भिंतीला टेकून बसले. मी सुई ठेवली. खरखर आली, आणि तिच्यातून अक्का बोलली. दाजींनाही ते माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांहून जास्त संसार, त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. ते ऐकत होते आणि अक्काकडं बघत होते. अक्का जमिनीकडं बघत होती. आईसारखं बोलण्याची जागा आली तसे तिचे ओठ हलायला लागले, एकेक शब्दाबरोबर. मग तिनं हात पुढं करून अलगद सुई उचलली.

मी पाटी तिच्यापुढं सरकवली. तिच्याशी आता पाटीवरच बोलणं होतं. विचारलं, "अक्का, आई कुठवर होती आन तू कुठनं?"

तिनं खडू धरला, थांबली. मग लिहिलं, "काय म्हाईत. अंधार होता."

तबकडी तिनं ट्रंकेत ठेवली. मी मागितली नाही.

निघताना दाजी माझ्याबरोबर गोठ्यापर्यंत आले. बैलापुढं कडबा टाकत म्हणाले, "त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला काय हाय?"

"काय न्हाय, दाजी. कोरीच हाय."

"ती मला 'अवं' म्हणून हाक मारायची. सांजच्याला, हितनं, दारातनं. तेवढं कुठं निघालं न्हाय का?"

मी मनातल्या मनात सगळं चाचपून पाहिलं. लग्नातल्या व्हिडिओंवर बँडच वाजत होता. दाजींचा फोन साधा, बटनांचा.

"न्हाय, दाजी," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि कडब्याची दुसरी पेंढी सोडायला लागले.