दगडी तट आणि अकरा मिनिटं

माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरी करतो. एरवी त्याला घरी फोन करायला वेळ नसतो, पण रविवारी दुपारी मोबाईलवर माझ्याशी लढाईचा खेळ खेळायला बरोबर सापडतो. मग फोन स्पीकरवर ठेवून आम्ही खेळतो नि भांडतो. करडी गावातल्या घरात आता मी आणि बाबा, दोघंच. बाबा आधीच खाटेवर येऊन बसतात. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मुलाशी काय बोलावं तेही सुचत नाही. फोन ठेवायच्या आधी एकदा "जेवला का?" एवढंच विचारतात. बाकी वेळ त्याचा आवाज ऐकतात.

खेळात त्याचे राक्षस, माझे डोंगरातले बुटके. दगडी तटाला तीनशे दगड लागतात आणि वेळ तर विचारूच नका. लाकडी कुंपण चाळीस ओंडक्यांत झटपट उभं राहतं, पण त्याच्या ड्रॅगननं फुंकर मारली की राख. मी कायम दगडच घ्यायची, तोही चारी बाजूंनी. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात वाढलेलं माणूस दुसरं काय करणार? धुरा, म्हणजे भोवतीचा मातीचा बांध, एका जागी जरी कच्चा राहिला तरी बांधीत पाणी थांबत नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यामुळे माझे सगळे बुटके दगड वाहण्यात गुंतलेले आणि सैन्याच्या नावानं शून्य.

"ताई, तू बांधत राय, मी येऊन राहिलो," भाऊ म्हणायचा. तास-पाऊण तासानं यायचा आणि तट पाडायचा. असे सलग नऊ रविवार मी हरले. मला हरणं पचत नाही, त्यातून धाकट्याकडून तर नाहीच. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दगड, ओंडके आणि मिनिटं मांडत बसले.

"का करून राहिली?" बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"धुऱ्याले भोक पडलं तं आपण का पूरा धुरा नवा बांधतो?" ते म्हणाले. "धानाचं वाळलं तणीस कोंबतो, वरून चिखल थापतो. मंग सवडीनं पक्कं करतो."

दहाव्या रविवारी मी त्याच्या वाटेवर तेवढं लाकडी कुंपण घातलं आणि उरलेले सगळे हात सैन्यात लावले. तो कुंपण जाळत बसला. माझे बुटके मागून त्याच्या मोकळ्या गढीत शिरले. अकरा मिनिटांत खेळ खलास!

"हे का खेळणं होय का, ताई?" तो चिडला. "चाल, ठेवतो. मले काम आहे."

मी जागच्या जागी उड्या मारल्या. नऊ रविवारांचं उट्टं निघालं होतं. मग बाबांकडे बघितलं. ते अजून मोबाईलकडेच तोंड करून बसले होते.

"झालं? एवढ्या लौकर?" ते म्हणाले. "जेवला का, ते इचाराचं राहूनच गेलं."

मला स्वतःचाच राग आला. अख्खा आठवडा मी पुन्हा कॅलेंडर घेऊन बसले. दगडी तट बांधायचा, चारी बाजूंनी, आणि तरीही जिंकायचं. आता हरून चालणार नव्हतं आणि लवकर जिंकूनही चालणार नव्हतं.

रविवारी पहिला दगड रचला.

"पुन्हा दगड?" भाऊ हसला. "हरशील, ताई."

"ये तू," मी म्हटलं.

बाबांनी खाटेवर मांडी घातली.

"सावकाश येऊ दे त्याले," ते म्हणाले.