बारा शब्दांची चाल

क्लिक करण्याआधी आमचे मालक माउसवरचा हात उचलत, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवत आणि समोरच्या स्क्रीनला विचारत, "कावून?"

स्क्रीन काही बोलत नसे. पाहुण्याला उत्तर सुचायला वेळ द्यावा तसे मालक थोडं थांबत. मग एकतर क्लिक करत, नाहीतर ती खिडकी बंद करून टाकत. बहुतेक वेळा बंदच करत.

तुम्ही कधी पाटोद्याला गेला असाल तर त्यांचं फ्लेक्सचं दुकान कदाचित पाहिलं नसेल, पण त्यांचं काम पाहिलंच असेल. चौकात वाढदिवसाचा जो हसरा चेहरा टांगलेला असतो, तो त्यांच्याच मशीनमधून बाहेर पडलेला असायचा. गल्लीत ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला ते 'कार्यसम्राट' करून देत. तिथं 'कावून' विचारत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ते गिऱ्हाईक हाय बे."

मी तिथं पोचलो बोअरवेलच्या गाडीवरचा मजूर म्हणून. घर साकोलीकडं, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. शाळा आठवीत सुटलेली. मला ताप आला, गाडी पुढं निघून गेली आणि मालकांनी फ्लेक्सच्या गुंडाळ्यांशेजारी झोपायला जागा दिली. तिथून अजून उठायला सांगितलेलं नाही, असं समजूनच मी राहिलो. 'का'ला आमच्याकडं 'काहून' म्हणतात, इथं 'कावून'. परक्या मुलखात तेवढा एक शब्द नात्यातला निघाला.

त्यांच्याच हाताखाली मी फोटो कापायला, अक्षरं बसवायला शिकलो. मग नेटवरून एक परदेशी माणूस काम देऊ लागला. व्हिडिओच्या सुरुवातीला लावायची चित्रं मी करायची. काम त्याला आवडलं, पण पैसे तो फक्त डिजिटल नाण्यांत देणार होता. मी आईला आधीच सांगून बसलो होतो की स्वतःचा कम्प्युटर घेण्याइतके जमले की घरी येतो, घरूनच काम करतो. त्यामुळं ती नाणी ठेवायला पाकीट हवंच होतं. ब्राउझरलाच जोडायचं पाकीट, एक्स्टेंशन म्हणतात त्याला.

मी नाव टाकून शोधलं आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बाण नेला. मालकांचा हात माझ्या हातावर पडला.

"कावून?"

"पहिलंच आहे, मालक."

"पयलं कावून हाय? चौकात सगळ्यात वर फ्लेक्स कुणाचा लागतो? ज्यानं जागेचे पैसे भरले त्याचा. ही जायरात हाय. खाली उतर."

मग पाकीट बनवणाऱ्यांच्या मूळ साइटचा पत्ता त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर वाचला आणि तिथूनच पुढं जाऊ दिलं. तेही दुकानाच्या कम्प्युटरवर नाही. "हितं अख्ख्या तालुक्याचे पेनड्राइव्ह येतेत. कुणाच्या पोटात काय हाय, आपल्याला काय म्हाईत?" त्यांचा एक जुना लॅपटॉप होता. बॅटरी कधीच मेलेली, प्लगवर चालायचा. तो माझ्या पाकिटाला वाहिला.

पासवर्ड झाला. तो फक्त या मशीनपुरता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग पडद्यावर बारा इंग्रजी शब्द यायची वेळ झाली. मालक उठले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

"मालक, मी मनातच वाचणार आहे."

"तरी बी. हे बारा शब्द ज्याच्याकडं, पाकीट त्याचं. मी तुजा मालक असंल, त्याचा न्हाई. फोटो काडू नको, मोबाइलात लिहू नको."

मी कागदावर लिहिले. तो कागद पत्र्याच्या पेटीत गेला. पण मालकांचं समाधान होईना. कागदाला उंदीर आहे, ओल आहे. माणसाला पाठ पाहिजे. आणि मालक भजनी मंडळात गाणारे. त्यांच्या लेखी चालीवाचून काही पाठ होतच नाही. त्यांना बायकोचा मोबाइल नंबरही चालीत आठवायचा, मधेच तुटला तर धृपदापासून सुरू करावं लागायचं.

"मी तुला चाल देतो, शब्द तुजे तू बसव," ते म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी नुसत्या आ-कारात एक चाल म्हटली. लई गोड. "ही फकस्त तुजी. कुणालाच दिलेली न्हाई. अन् म्हनायची मनातल्या मनात."

आठवी नापासाच्या डोक्यात ते बारा शब्द असे बसले की विचारू नका. विचारलेत तरी सांगणार नाही.

एकदा त्या परदेशी माणसानं मोठ्या कामाचं मानधन पाठवलं. पाठवल्याचं दाखवत होतं, माझ्या पाकिटात दिसत मात्र नव्हतं. मी पाकीटवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. लगेच एकाचा खाजगी निरोप आला. मदत विभागातून बोलतोय म्हणाला. काळजी करू नका सर, म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सर म्हणत होतं. त्यानं एक लिंक दिली. सर, इथं तुमचे बारा शब्द टाका, पाकीट लगेच जुळेल. सरांनी लिंक उघडली.

बाहेरच्या खोलीत मशीनवर एका दादांचा वाढदिवस छापला जात होता. मालक त्याच्याजवळ उभे होते. मी आत लॅपटॉपवर शब्द टाकू लागलो. आता पंचाईत अशी की चालीवर बसलेला शब्द चालीशिवाय बाहेर पडत नाही. मनात म्हणता म्हणता घाबरलेल्या माणसाचा आवाज ओठांतून कधी फुटला, मला कळलंच नाही.

बाहेरून मालक ओरडले, "कुणाला गाऊन दाकवायलास बे?"

मी काही बोलण्याआधी सगळं दुकान अंधारलं. त्यांनी मेन स्विच पाडला होता. लॅपटॉप विझला, मशीन थांबलं, पंखा घरघरत बंद झाला. मालक आत आले. छाती भात्यासारखी हलत होती.

"किती टाकले?"

"निम्म्याच्या वर. पण बटण दाबलं नव्हतं, मालक."

"दाबलं न्हाई तरी टाकलेलं तिकडं दिसतंय. निम्मे गेले म्हंजे गेले. नवं पाकीट काड. आत्ता."

लाइट लावली, नवं पाकीट काढलं. मालक पुन्हा भिंतीकडं. मी जुन्यातली नाणी नव्यात पाठवायला घेतली. "आदी चिमूटभर धाड," ते भिंतीला म्हणाले, "पोचली का बघ. मंग बाकीची." पोचली. बाकीचीही पोचली. न दिसणारं मानधनसुद्धा जागेवरच होतं. त्या जातीचं नाणं यादीत दाखवायला पाकिटाला सांगितलंच नव्हतं, एवढीच काय ती भानगड. तेही नव्यात आणलं.

बाहेर दादांचा चेहरा नाकापर्यंत छापून झालेला. खालचं हसू मशीनमध्येच राहिलं. ते वीस फुटी कापड वाया गेलं होतं आणि संध्याकाळी कार्यकर्ते न्यायला येणार होते. मी रडकुंडीला आलो. मालकांनी नवा रोल चढवला.

"दादाचं नाक गेलं, तुजं पाकीट ऱ्हायलं," ते म्हणाले. "दादाला दुसरं नाक मिळंल."

मी म्हटलं, "मालक, तो मला सर म्हणत होता."

"कावून?" मालक म्हणाले.

नव्या बारा शब्दांना मी जुनीच चाल लावली. त्यांनी ती कधी तपासली नाही, फक्त माझे ओठ हलतात का ते बघत.

पुढं तालुक्यातली बरीच पोरं पाकीट काढायला त्यांच्याकडं येऊ लागली. मालक प्रत्येकासाठी भिंतीकडं तोंड करून उभे राहत. मला वाटायचं, यांचं स्वतःचं पाकीट केवढं असेल!

मालक गेले ते झोपेतच. त्यांच्या जावयांनीही माझ्यासारखाच पाकिटाचा हिशेब केला असावा. दशक्रियेनंतर जावयांनी मला बाजूला घेतलं आणि मामांचं पाकीट उघडून द्यायला सांगितलं. वहिनींनी ऐकलं. मालकांची बायको म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायचो. रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "त्यांचं कुटं होतं? मी इचारलतं की. म्हनले, कावून पाहिजे मला? गल्ला हाय."

लोकांना पाकीट उघडून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या 'कावून'चं उत्तर सापडलं नव्हतं. जावई बराच वेळ माझ्याकडंच संशयानं बघत होते.

तेराव्याला मंडळाचं भजन होतं. नाकापर्यंत छापलेल्या त्या दादांचा वाया गेलेला फ्लेक्स मांडवावर ऊन अडवायला घातलेला, दोन मोठे डोळे खाली बघत होते. मी मागं टेकून बसलो. मृदंग लागला, बुवांनी आ-कार धरला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझीच चाल. फकस्त माझी, कुणालाच न दिलेली. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ही व्हय? आमच्या मंडळाची रोजची हाय. ह्याच्यावर काय बी बसतंय."

सगळा मांडव अभंग म्हणू लागला. मला अभंग एकही पाठ नाही. मी दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले, ओठ घट्ट मिटले आणि मालकांसाठी माझे बारा शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले.