मामांच्या वाट्याचा धूर

देवाने पृथ्वी निर्माण केली असेल, मला त्या वादात पडायचं नाही. पण तिच्या देखभालीचं काम मात्र त्याने आमच्या हिच्या मामांकडे सोपवलं आहे, आणि तेही बिनपगारी. मामांची उभी हयात पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षं गार ठेवण्यात गेली. तिथे कोणी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, की आतून ‘दाऽऽर!’ अशी बोंब उठायची. कारण गारवा निसटला की मशिन पुन्हा धापा टाकायला लागतं. मामा निवृत्त होऊन नाशिकला आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले, पण ती बोंब काही निवृत्त झाली नाही. फ्रिजसमोर उभं राहून ‘काय बरं खावं?’ असा निवांत विचार करण्याचं सुख आमच्या घरातून तेव्हापासून गेलंच. मामा हॉलमध्ये पाठमोरे पेपर वाचत बसलेले असले, तरी त्यांचे कान स्वयंपाकघरात असत. त्या बोंबेने एकदा माझ्या आईच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं होतं.

त्यात कोणीतरी त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. काय खाता, कशाने फिरता, वीज किती जाळता, हे त्यात भरलं की तुमच्यापायी हवेत किती कार्बन जातो ते कळतं. झालं, माकडाच्या हाती कोलीत! मामा त्याला सरळ ‘धूर’ म्हणत. ‘जावईबापू, ज्याच्या त्याच्या मागे त्याचा त्याचा धूर असतो. दिसत नाही म्हणून काय नसतो होय?’ असं म्हणत ते आमच्या टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे. ती कोमट लागली, की माझ्याकडे असे बघायचे जसा काही मी कोणाचा खून करून आलोय. त्यांच्या घरातला गिझर गेला, इस्त्री गेली. लग्नाकार्याचे कपडे गादीखाली घडी घालून सरळ होऊ लागले. मामींच्या माहेरची मंडळी जेवायला आली, त्या दिवशी वरणाची डाळ गच्चीवर सोलर कुकरमध्ये होती आणि नेमकं आभाळ भरून आलं. पाहुण्यांनी वरण चहाच्या वेळेला खाल्लं.

रविवारी आम्ही गाडी काढून गावाबाहेर मिसळ खायला जायचो. नाशिककराला ते चुकत नाही. ‘मिसळीपेक्षा तुमच्या धुराचीच तर्री जास्त!’ म्हणून मामा सायकलवर निघायचे आणि आमचं ताक पिऊन झालं की घामाघूम होऊन पोचायचे. मग ते खाईपर्यंत आम्ही सगळे बसून राहायचो. खरं सांगू? तो वेळच मजेचा असायचा. मामा पापड मोडत आपल्या लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. ती एकुलती एक, कॅनडात असते. तिचा विषय निघाला की हा माणूस धूरबिर सगळं विसरायचा.

त्या लेकीला दिवस गेले आणि पंचाईत झाली. मामींनी डिंक, आळीव, बाळाची दुपटी बांधायला घेतली. मामांनी विमानाचा प्रवास अ‍ॅपमध्ये भरून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. ‘सायकल, इस्त्री, गिझर, सगळं एका फेरीत धुऊन जातंय हो!’

मामी कडाडल्या, ‘पहिलटकरीण आहे पोर! तुम्ही बसा धूर मोजत. मी एकटी जाते.’ या मामी जवळच्या घोटीच्या पुढे कधी एकट्या गेलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे आले. थेट स्वयंपाकघरात गेले, पाण्यासाठी फ्रिज उघडला आणि आत बघत तसेच उभे राहिले. दार उघडं! आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी ही हळूच म्हणाली, ‘मामा... दार.’

ते दचकले. दार लावून म्हणाले, ‘जातो गं मी. बापाशिवाय कसं व्हायचं तिचं? पण एकदाच जाणार. एवढा धूर करायचाच, तर भरपूर राहून घेणार.’

मामा मामींना घेऊन गेले. नात झाली. लेकीने लांबचा व्हिसा काढून दिला आणि तेव्हापासून मामा तिकडेच अडकलेत. कारण परत यायचं म्हणजे पुन्हा विमान! ज्या हिशोबाने त्यांना जाऊ दिलं नसतं, तोच आता येऊ देत नाही.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मामांच्या अंगावर स्वेटरवर स्वेटर, मागे खिडकीत बर्फ, मांडीवर नात. आणि विचारतात काय, तर ‘निफाडला पारा किती उतरला हो? द्राक्षं सोसतील ना?’

मी म्हटलं, ‘मामा, या की आता. तुमच्याशिवाय करमत नाही आम्हाला.’

‘मन तर रोज येतं हो तिकडे. त्याला कुठे धूर लागतो? पण...’ म्हणाले आणि नातीचं टोपडं सारखं करायला लागले. पाण्याची बाटली काढायला म्हणून मी फ्रिज उघडला आणि एका हातात फोन धरून तसाच उभा राहिलो. मामांना सगळं दिसत होतं. ते काहीच बोलले नाहीत.

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरच्या त्या पोरीने, जिला अजून धड ‘आजोबा’ म्हणता येत नाही, फोनवर बोट आपटलं आणि बोंब ठोकली, ‘दाऽऽल!’

मामा खो खो हसले आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. मी मुकाट्याने दार लावलं.