त्या आडनावाचा दुसरा माणूस
परवा दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये जुनी टेलिफोन डिरेक्टरी हातात आली आणि तिच्या पानांच्या कुबट वासासरशी इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलातला तो वॉर्ड आठवला. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल, मी तिथे ज्युनिअर डॉक्टर होते. खिडकीजवळच्या बेडवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं आडनाव मी पूर्वी कधी ऐकलंच नव्हतं. "डोंगरातल्या एका खेड्यावरून आलंय. तिथं आता फक्त मेंढ्या चरतात," ते म्हणाले. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावतात, त्यातलाच प्रकार. डिरेक्टऱ्यांमधून फाडलेली पानं त्यांच्या उशाशी असायची. शोधून शोधून त्यांना त्या नावाचा दुसरा एकच माणूस सापडला होता, ग्लासगोला. "डॉक्टर, त्याला फोन कराल?" दुपारी मी केला. त्याच्या बायकोने उचलला. "ते मार्चमध्येच गेले," ती म्हणाली, "मुलंबाळं नाहीत आम्हाला." मी परत आले तर म्हातारे उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी येतो म्हणालेत." रविवारी त्यांनी नर्सकडून दाढी करून घेतली, धुतलेला शर्ट घातला आणि दोन वाजल्यापासून दाराकडे तोंड करून बसले. इतरांचे नातेवाईक आले, फुलं आली, चहाची ट्रॉली फिरून गेली. भेटीची वेळ संपल्यावर ते मला म्हणाले, "त्याला वॉर्ड सापडला नसेल." मी त्यांची उशी सारखी केली आणि पुढच्या बेडकडे वळले. बुधवारी ते गेले. दयेपोटी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता कळतं, त्या चेहऱ्याकडे बघत खरं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं, एवढंच.