कोपरापर्यंतची आई

मासिकाचं पान हा संस्कृतीचा आरसा असतो, असं आमच्या बुऱ्हाणपुरातल्या संगीत मंडळाच्या मासिकात दर महिन्याला पहिल्या पानावर छापलेलं असायचं. आरसा तो होताच. कुणी त्यात किती दिसायचं हे मात्र मंडळाचे सचिव ठरवत. पानांची मांडणी तेच करायचे.

या मासिकाचे घरातले सगळे अंक मी मागच्या हिवाळ्यात तीन दिवसांत पाहिले. आई गेली होती आणि तेराव्याला ठेवायला वडिलांना तिचा तंबोऱ्यासकट फोटो हवा होता. मोबाइलमध्ये तिचे फोटो ढीगभर होते, लग्नांतले, निंबोल्याच्या केळीच्या मळ्यातले. "असे फोटो कुणाचेही असतात," वडील म्हणाले. मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक मैफलीत आई गायकामागे तंबोऱ्यावर बसली होती. म्हणजे फोटो मासिकातच असणार.

अंक चाळताना सचिवांची शैली लक्षात आली. दीपप्रज्वलन करणाऱ्या पाहुण्याला निम्मं पान. गायकाला पाव. तळाला केळीच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती, पानाला पाया घातल्यासारख्या. आणि वेलबुट्टीची आभाराची चौकट फोटोतल्या मोकळ्या जागेवर. ही मोकळी जागा नेहमी गायकाच्या डाव्या खांद्यामागे असे. तिथे आई बसायची.

एका अंकात तिच्या बांगड्या सापडल्या. एकात तंबोऱ्याच्या खुंट्या आणि त्यावर दोन बोटं. नवा अंक आला की ती आधी मैफलीचं पान काढायची. "या वेळी कोपरापर्यंत आलेय. प्रगती आहे," म्हणायची आणि आमटी ढवळायला जायची. आम्ही हसायचो. मीही हसायचो, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

वडील कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक पान ते दोन बोटांत चोळून बघत आणि माझ्याकडे सरकवत. "कागद चांगला वापरायचे," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी एका जुन्या अंकात आई सापडली. अख्खी. मान कलती, कान तंबोऱ्याजवळ, तारा जुळवत बसलेली. गायकाची गाडी उशिरा आली होती, पाहुणेही पोहोचले नव्हते. आभार मानण्यासारखं अजून काही घडलंच नव्हतं, त्यामुळे चौकटही नव्हती. या अंकाबद्दल आई कधी काही बोलल्याचं आम्हा दोघांनाही आठवेना. वडिलांनी ते पान चोळलं नाही. नुसतं धरून बसले.

राजपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याने फोटो स्कॅन करून मोठा केला. चेहऱ्याचे ठिपके झाले.

"बाबूजी, खाली एक लाइन छापलेली आहे. उडवून देऊ का?"

वडिलांनी चष्मा लावून ती वाचली. "राहू दे," ते म्हणाले. "तिने वाचलीच असणार."

फोटो आता बैठकीत आहे. खाली छापलेलं आहे: 'कलाकार येण्यापूर्वीचे रिकामे व्यासपीठ.'